घोडा, घोडी आणि घोडं

परवा ऑफिसात डबा खाताना फोन वाजला, हात खरकटे होते म्हणून कोपरानेच कसातरी स्पीकरवर टाकला, आणि पलीकडून आमचे इलेक्ट्रिशियन दादा नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "ताई, उद्या दुपारी येतो फॅन लावायला. घोडा आहे ना घरी?"

आजूबाजूच्या चार माना वर झाल्या. मी आपली भोळेपणाने म्हणाले, "आमच्याकडे नाहीये ओ, पण शेजारी आहे, मागून ठेवते." दादा म्हणाले, "मोठा बघा. मागच्या वेळचा बारका होता, काम होईना." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. नवीन जॉइन झालेला पोरगा, जो रात्रभर गुन्हेगारीच्या वेबसिरीज बघतो आणि सकाळी डोळे चोळत येतो, तो माझ्याकडे एका वेगळ्याच आदराने बघायला लागला.

मग सगळ्यांना समजावून सांगणं आलं, की बाबांनो घोडा म्हणजे पिस्तूल नव्हे, घोडा म्हणजे ती दोन्हीकडून उतरती, मधे उघडणारी शिडी, जिच्यावर चढून रंगारी छत रंगवतात. त्यावर तो पोरगा म्हणाला मग सरळ शिडी म्हणा ना. पण शिडी वेगळी आणि घोडा वेगळा. शिडीला भिंत लागते, टेकायला कोणीतरी लागतं. घोडा खोलीच्या मधोमध आपल्या चार पायांवर उभा राहतो आणि तुम्हाला पाठीवर घेतो. फॅन नेमका खोलीच्या मधोमध असतो, तिथे शिडी काय कामाची! हे मी इतक्या तावातावाने सांगितलं की डब्यातलं सगळं गार झालं, आणि तेव्हापासून डोक्यात घोडे नाचायला लागले ते थांबेचनात.

म्हणजे बघा, पिस्तुलाला घोडा म्हणतात ते तरी का? तर खरं म्हणजे पिस्तुलाला नाही, बंदुकीच्या एका पार्टला घोडा म्हणतात. बोटाने ओढायचा तो चाप, आणि चाप ओढल्यावर मागून फटकन पुढे येऊन आदळतो तो घोडा. बातम्यांमधे बिनदिक्कत 'घोडा दाबला' लिहितात, आणि बंबईया भाषेत तर अख्खं पिस्तूलच घोडा झालं, पार्टचं नाव सगळ्या वस्तूला. पण मूळचा घोडा तो मागचा, वाकड्या मानेचा तुकडा. जुन्या गारगोटीच्या बंदुकीचं चित्र बघा कधी, तो पार्ट अगदी मान वळवून उभ्या राहिलेल्या जनावरासारखाच दिसतो, आणि त्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली.

आता गंमत अशी की ही मान सगळ्यांना दिसली, जनावर मात्र प्रत्येकाला वेगळं दिसलं. इंग्रजांना तिथे कोंबडा दिसला, चोच मारणारा, म्हणून ते त्याला कॉक म्हणतात. जर्मनसुद्धा हान म्हणजे कोंबडाच म्हणतात. फ्रेंचांना कुत्रा दिसला, शिआँ, इटालियन लोकांनाही कुत्राच, काने. चावतो म्हणून असणार. स्पॅनिश लोक चापाला गातिल्यो म्हणतात, तर ते नावही मांजरावरून आलेलं. आणि त्याही आधीच्या, पेटत्या वातीच्या बंदुकीला जो नागमोडी दांडा असायचा त्याला इंग्रजीत सर्पेंटाईन, म्हणजे सापावरून. एवढ्याशा लोखंडाच्या तुकड्यात अख्खं प्राणिसंग्रहालय. आपल्याला त्यात घोडा दिसला हे मला मनापासून आवडतं, कारण एकतर मान तशी आहेच, आणि दुसरं म्हणजे तो दाबून धरलेला असताना खरंच वाटतं की आता उधळणार.

तर हा मानेवरून पडलेला घोडा. आणि शिडीवाला पाठीवरून पडलेला. हे दोन प्रकार लक्षात आल्यावर मी दिसेल त्या घोड्याला विचारायला लागले, तू मानेचा की पाठीचा?

बुद्धिबळाचा घोडा उघडच मानेचा. पाय नाही, पाठ नाही, नुसती मान आणि थोबाड. माझी लेक सध्या चेसच्या क्लासला जाते, तिथे त्याला नाईट म्हणायला शिकवलंय, पण मारला गेला की ती "आई, घोडा मेला!" असंच ओरडते, नाईट मेला असं एकदाही नाही म्हणाली. आणि बरोबरच आहे ना तिचं, पटावर तो दिसतो घोडा आणि इंग्रज त्याच्यावरच्या न दिसणाऱ्या स्वाराला हाक मारतात. जर्मन तर त्याला श्प्रिंगर, म्हणजे उड्या मारणारा म्हणतात, त्यांनी आकारही सोडला आणि चाल धरली. रशियन मात्र आपल्यासारखेच सरळ, घोड्याला घोडा. पण पुढे जाऊन ते आपल्या उंटाला हत्ती म्हणतात, तेव्हा रशियन माणसाशी खेळताना हत्ती गेला म्हणून रडण्याआधी नीट बघून घ्यावं.

आज सगळीकडे जो बुद्धिबळाचा सेट दिसतो ना, स्टॉन्टन म्हणतात तो, त्याचं डिझाईन 1849 सालचं. त्यातली बाकीची मंडळी बघा, राजा, वजीर, उंट, हत्ती, प्यादी, सगळी मुळात गोल, लेथवर फिरवून कातून काढता येतात, मग वर एखादी खाच किंवा मुकुट. घोडा कातता येत नाही. त्याला हाताने कोरावंच लागतं, म्हणून चांगल्या लाकडी सेटमधे सगळ्यात जास्त मेहनत घोड्यावर असते आणि सेट विकत घेताना जाणकार माणूस आधी घोडा उचलून बघतो. सगळ्या पटावर चेहरा असलेला तो एकटाच.

चालही त्याची अशी की बाकीचे सरळ नाहीतर तिरके जातात आणि हा अडीच घरं. मधे कोणी उभा असला तरी फरक पडत नाही, वरून उडी. पटाच्या मध्यावर असला तर आठ घरं त्याच्या टप्प्यात, कोपऱ्यात सापडला तर फक्त दोन. या चालीने चौसष्ट घरं एकेकदा फिरून यायचं हे कोडं फार जुनं आहे. नवव्या शतकातल्या रुद्रटाच्या 'काव्यालंकारा'त यावर चक्क श्लोक आहे, तुरगपदबंध म्हणतात त्याला. बत्तीस अक्षरं अर्ध्या पटावर मांडायची, मग सरळ ओळीने वाचली काय आणि घोड्याच्या चालीने उड्या मारत वाचली काय, श्लोक तोच येतो. हे ऐकल्यावर मी अर्धा तास कागदावर चौकोन काढून बसले होते, चारच अक्षरांत अडकले आणि सोडून दिलं. (ऑयलरसारख्या गणितज्ञाने 1759 साली या कोड्यावर डोकं खाजवलं होतं, त्यामुळे मला माझी फारशी लाज वाटत नाही.)

पाठीचे घोडे मात्र वेगळेच. त्यातली सगळ्यात देखणी म्हणजे तंबोऱ्याची घोडी. भोपळ्याच्या वरच्या तबकडीवर ती एवढीशी बैठी पट्टी असते, तिच्या पाठीवरून चारही तारा जातात. ती नसेल तर तारा लाकडाला चिकटतील आणि नुसतं थड थड वाजेल. घोडीची पाठ सपाट नसते, किंचित गोलावा असतो, त्यालाच जवारी, आणि तो घासून घासून बरोबर जमवणं हे भल्याभल्यांना जमत नाही. मग तार आणि घोडीच्या मधे दोऱ्याचा छोटासा तुकडा सरकवायचा, तो पुढेमागे करत करत एका जागी आला की अचानक तंबोरा बोलायला लागतो. ही जागा सापडली की जो आवाज येतो ना, तो ऐकताना मला कायम वाटतं की घोडीने पाठ थरथरवली. माशी बसल्यावर घोडी कातडी थरथरवते तशी.

फ्रेंचसुद्धा व्हायोलिनच्या त्या पट्टीला शव्हाले म्हणजे छोटा घोडाच म्हणतात. इंग्रजांना तिथे पूल दिसला, इटालियन लोकांनाही छोटा पूलच. पण गिटार बघा, त्यात ब्रिजवर जी बारीक पट्टी असते, जिच्यावर तारा टेकतात, तिला इंग्रजीत सॅडल म्हणतात. घोडा गेला आणि खोगीर राहिलं! आणि व्हायोलिन वाजवायचा जो बो असतो त्याला केस कसले, तर खऱ्या घोड्याच्या शेपटीचे. म्हणजे फ्रेंच माणूस व्हायोलिन वाजवतो तेव्हा तारांच्या खाली घोडा आणि वरूनही घोडाच, मधे बिचाऱ्या तारा.

आता इथे मला माझी थिअरी सुचली, म्हणजे रात्री दोन वाजता सुचली, त्यामुळे तशीच घ्या. मराठीत मानेचा तो घोडा आणि पाठीची ती घोडी. बंदुकीचा घोडा, पटावरचा घोडा, समुद्रघोडा, सगळे पुल्लिंगी आणि सगळे मान ताठ करून. तंबोऱ्याची घोडी, आणि आमच्या घरी त्या शिडीलाही बाबा घोडीच म्हणायचे, या स्त्रीलिंगी आणि यांचं काम काय तर पाठ देणे. मी हे सकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला हे जरा लागट बोलणं झालं. मग तोच म्हणाला की हा साधा साईझचा मामला आहे, मराठीत मोठं ते पुल्लिंगी आणि छोटं ते स्त्रीलिंगी, पळा-पळी, डबा-डबी, सुरा-सुरी, तशी छोटी ती घोडी. आता तंबोऱ्याच्या बाबतीत त्याचं बरोबर आहे हे मला मान्य करावं लागलं, पण बाबांची घोडी चांगली सहा फुटी होती हेही मी ऐकवलं. आणि इलेक्ट्रिशियन दादांनी तिलाच घोडा म्हणून माझ्याही थिअरीला लाथ घातलीच होती. तेव्हा प्रकरण बरोबरीत सुटलं.

पण उरलेलं तिसरं लिंग बघा ना. घोडं! ते तर सगळ्यात भारी. घोडं अडतं, घोडं पेंड खातं, घोडं गंगेत न्हातं, लोक आपलंच घोडं पुढे दामटतात. या घोड्याला मान नाही, पाठ नाही, शेपूट नाही. आकारच नाही त्याला. नुसता एक मूड आहे, कामाचा मूड म्हणा हवं तर, चाललं तर चाललं नाहीतर बसलं पेंड खात. मराठी माणसाचं कुठलंही रखडलेलं काम नपुंसकलिंगी घोडं असतं. आणि कागदी घोडे म्हटले की परत पुल्लिंगी, कारण ते नाचतात ना, रुबाबात.

पेंडीवरून आठवलं. 'इथंच तर घोडं पेंड खातंय' आणि 'इथंच तर खरी गोम आहे' ही दोन वाक्यं आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि गोम म्हणजे ती शेकडो पायांची सरपटणारी, हे सगळ्यांना माहीत. पण ती अडचणीच्या जागी कशी पोचली? तर घोड्याच्याच अंगावरून. घोड्याच्या कातडीवर काही ठिकाणी केस उलटे वळून त्यांची एक रेघ होते, दोन्हीकडून बारीक बारीक केस फुटलेली, अगदी गोम चिकटल्यासारखी. तिला गोमच म्हणतात, आणि जुने लोक ती अशुभ मानायचे. म्हणजे घोडा दिसायला देखणा, चालायला तेज, दात चांगले, सगळं ठीक, आणि मग कोणीतरी केसांवरून हात फिरवून म्हणायचं, हं, इथे गोम आहे. संपला सौदा. एका प्राण्याच्या अंगावर दुसऱ्या प्राण्याचा आकार दिसला आणि त्यातून अख्ख्या भाषेला 'कॅच' या शब्दाला एवढा झकास पर्याय मिळाला. बिचाऱ्या घोड्याचा त्यात काय दोष ते सोडा.

कधीकधी मात्र आकार बघून नाव देणाऱ्यांच्या नजरेबद्दलच शंका येते. पाणघोडा घ्या. ग्रीकांनी त्याला नदीतला घोडा म्हटलं, हिपोपोटॅमस, त्यावरून सगळ्यांनी घोडाच चालू ठेवला, जर्मन नाईलचा घोडा म्हणतात, आपण पाणघोडा. आता त्या अवाढव्य पिंपात घोड्यासारखं काय आहे? शास्त्रज्ञ सांगतात की त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक देवमासे आहेत, घोडा तर फारच लांबचा. मला वाटतं ज्याने नाव दिलं त्याने तो बाहेर आलेला बघितलाच नसणार. पाण्यातून नुसते डोळे, नाकपुड्या आणि दोन हलणारे कान एवढंच वर असतं त्याचं, तेवढंच बघितलं तर वाटेल एखाद्याला की घोडा पोहतोय. बाहेर आल्यावर त्याला कळलं असेल, पण तोवर नाव पडून गेलेलं. नावं अशीच पडतात, एकदा पडली की मग जनावर बदललं तरी बदलत नाहीत.

समुद्रघोड्याचं उलट. तो मासा आहे, पण मान अशी की खरा घोडाही इतकी ऐटीत धरत नसेल. या समुद्रघोड्याचाही पुढे कोणालातरी भास झाला, आणि तोही माणसाच्या डोक्यात. 1587 साली आरांझी नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने मेंदूच्या आतल्या एका वळलेल्या भागाचं वर्णन करताना त्याला समुद्रघोड्याची उपमा दिली, ग्रीक-लॅटिनमधला हिपोकॅम्पस. त्याचं स्वतःचं पक्कं ठरत नव्हतं म्हणे, रेशमाच्या किड्यासारखाही दिसतो असंही त्याने लिहून ठेवलंय. नशीब घोडा टिकला. नवीन आठवणी तयार करायचं काम या हिपोकॅम्पसचं असतं, म्हणजे परवाची ती स्पीकरवरची फजिती मला आज जशीच्या तशी आठवते ती याच दोन घोड्यांच्या कृपेने. दोन, कारण डावीकडे एक आणि उजवीकडे एक.

आणि तेवढ्यावर भागत नाही. पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाला मज्जातंतूंचा एक जुडगा असतो, सुटा सुटा लोंबणारा, त्याला डॉक्टर लोक कॉडा इक्वायना म्हणतात, लॅटिनमधे घोड्याची शेपटी. आणि तिथेच खाली आपलं माकडहाड! इंग्रजीत त्या माकडहाडाचं कॉक्सिक्स, म्हणजे ग्रीकमधली कोकिळा, कारण त्यांना ते कोकिळेच्या चोचीसारखं दिसलं. घोडा, माकड आणि कोकीळ एवढी सगळी मंडळी माणसाच्या बसायच्या जागेपाशी. दंडात मात्र घोडा नाही याचं मला आश्चर्य वाटतं. रोमन लोकांना दंड वळवल्यावर उंदीर पळताना दिसला म्हणून स्नायूला त्यांनी मस्क्युलस, छोटा उंदीर, म्हटलं आणि त्याचंच मसल झालं, आणि आपल्याला तिथे बेडकी दिसली, म्हणून आपली बेटकुळी. जिममधे जाणाऱ्या त्या वेबसिरीजवाल्या पोराला मी हे सांगितलं. 'भाई, बेटकुळ्या काय आल्यात' असं कोणी म्हटलं तर कसं वाटेल विचारल्यावर तो गप्प झाला.

सगळ्यात लांबचा घोडा आकाशात आहे. मृग नक्षत्राच्या पोटात तीन तारे एका ओळीत दिसतात ना, व्याधाने मारलेला बाण म्हणतात तो, त्यातल्या पूर्वेकडच्या टोकाच्या ताऱ्याच्या अगदी जवळ एक काळा ढग आहे, मागच्या तांबूस उजेडावर घोड्याच्या डोक्याची सावली पडावी तसा. 1888 साली हार्वर्डच्या वेधशाळेतल्या एका फोटोच्या काचेवर विल्यमिना फ्लेमिंग या बाईंना तो पहिल्यांदा दिसला. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. हाही मानेचाच. हरणाच्या पोटात बाण आणि बाणाशेजारी घोडा, आणि हे सगळं माणसाला सोडून दुसऱ्या कोणाला दिसत असेल असं काही मला वाटत नाही. खऱ्या घोड्याला तर नाहीच.

असो. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या वहिनींकडे गेले आणि म्हटलं, "वहिनी, जरा तुमचा घोडा देता का?" त्या आतून म्हणाल्या, "घोडी ना? बाल्कनीत आहे, घेऊन जा." म्हणजे माझ्या बाजूने एक मत पडलं. हे मी नवऱ्याला तेवढ्यासाठी ऑफिसात फोन करून कळवलं.

दुपारी दादा आले, त्यांनी घोडी उघडून फॅनच्या खाली उभी केली, हाताने हलवून बघितली आणि चक् केलं. दोन्ही बाजूचे पाय फाकू नयेत म्हणून मधे जी साखळी असते ती एका बाजूने तुटलेली. घोड्याच्या पोटाखालून खोगिराचा पट्टा आवळतात त्याला तंग म्हणतात, तसा हा तंगच तुटला होता म्हणायचा. "गोम निघाली," मी म्हटलं. दादांना काही ते कळलं नाही. ते म्हणाले, "काही नाही हो, तुम्ही फक्त खाली घट्ट धरून उभ्या राहा, हलू देऊ नका."

फॅन लागून फिरायला लागेपर्यंत पाऊण तास गेला, आणि तो सगळा वेळ मी त्या घोडीचे दोन पाय धरून मोतद्दारासारखी उभी होते.